आठ दिवसांत पाच जंगलं? नको, बाई

पत्र : सप्रेम नमस्कार. मी सांगलीची, वय ६२, तीन वर्षांपूर्वी हायस्कूलमधून निवृत्त झाले. हे ६७ वर्षांचे, साखर कारखान्यात होते. मणक्यात गॅप आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. यांनी ताडोबात सात सफाऱ्या केल्या. वाघ एकदाच दिसला, तोही पाठमोरा. आता ‘आफ्रिका बघितल्याशिवाय डोळे मिटणार नाही’ म्हणतात. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू असे पाच जण. एका ट्रॅव्हल कंपनीने ऑगस्टमधली केनियाची आठ दिवसांची सहल सुचवली आहे : अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा आणि शेवटी नैरोबी नॅशनल पार्क. ‘विल्डबीस्ट (तिथली गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) नदी ओलांडताना दाखवूच’ असं ते छातीठोक सांगतात. सून म्हणते, शाळा बुडवायची नाही, मे महिन्यात जाऊ. आम्ही शुद्ध शाकाहारी. काय करावं? आणि खरं सांगा, या वयात झेपेल का?

नमस्कार बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. झेपेल की! न झेपण्यासारखी आहे ती फक्त ही सहल. तिच्याकडे वळण्याआधी एक गोष्ट मात्र उरकून घ्या, कारण तिच्यावर बाकी सगळं अडतं. पैसे भरायच्या आधी यजमानांना घेऊन डॉक्टरांकडे जा.

केनिया हा पिवळ्या तापाच्या (यलो फीवरच्या) देशांत मोडतो. तिथून भारतात परतताना विमानतळावर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आणि तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. नातवाला, सुनेला, मुलाला सहसा काही अडचण येत नाही. अडचण तुमची दोघांची आहे. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका थोडा जास्त असतो. प्रमाण कमीच आहे, पण डॉक्टर विचार करूनच होकार देतात. रक्तदाबाची गोळी, अंड्याची अ‍ॅलर्जी, पूर्वीची आजारपणं, सगळं त्यांना सांगा. आणि ‘लस नको’ असं डॉक्टरांचं पत्र मिळालं तरी मुंबईच्या विमानतळावर ते चालेलच, या भरवशावर राहू नका. लसकेंद्रातच विचारून घ्या.

डॉक्टर नाही म्हणाले, तर केनिया सोडा आणि दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर घ्या. हे दुय्यम बक्षीस आहे असं मानू नका. १९२६ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर, आत चक्क डांबरी रस्ते, त्यावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा, आणि गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने. मुलगा स्वतः गाडी चालवू शकेल. स्कुकुझा, लोअर साबी, साटारा अशा सरकारी विश्रामस्थळी कुंपणाच्या आत स्वयंपाकघर असलेल्या झोपड्या मिळतात, म्हणजे तुमचा कुकर लागेल. मणक्याला तर याहून सोपं जंगल मला ठाऊक नाही. फक्त जोहान्सबर्गचं तिकीट नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे काढू नका. स्वस्त मिळतं, पण तिथे बारा तासांहून जास्त थांबलात की पिवळं कार्ड पुन्हा मानगुटीवर बसलंच.

डॉक्टर हो म्हणाले असं धरून पुढचं लिहिते.

ऑगस्ट की मे? दोन्ही नको. सुनेचं शाळेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, महिना चुकला आहे. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे असा असतो. आणि मसाई मारामधल्या बऱ्याच भागात जमीन कोणती, माहीत आहे? काळी! इंग्रज तिला तिथेही कापसाची काळी माती असंच म्हणत. कृष्णाकाठची माणसं तुम्ही, पावसात काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की काय होतं ते मी काय सांगणार. मे महिन्यात तिथे सफारीच्या गाड्यांचं तेच होतं. काही कॅम्प तर त्या दिवसांत बंदच असतात.

माझं मत जूनच्या पहिल्या पंधरवड्याला. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. (नातू दुसऱ्या मंडळाच्या शाळेत असेल तर तारखा आधी बघा.) मारात तोवर पाऊस ओसरलेला असतो, एखादी सर आली तर आली. गवत उंच आणि हिरवं असतं, गर्दी नसते. आणि खिशाचंही बघा. मारामध्ये परदेशी प्रौढ पाहुण्याला माणशी दिवसाचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आणि १ जुलैपासून वर्षअखेरपर्यंत २०० डॉलर आहे. तुम्ही चार मोठी माणसं चार दिवस धरलीत तर जूनमध्ये १,६०० डॉलर आणि ऑगस्टमध्ये ३,२००. छोट्याला शुल्क नाही. हे नुसतं फाटकावरचं झालं; कॅम्पचे दरही याच तालावर चढतात. शुल्काचे आकडे बदलत असतात, तेव्हा कंपनीकडून त्या वर्षीचा आकडा लेखी घ्या.

आता यजमान चिडतील. जूनच्या सुरुवातीला विल्डबीस्टचे मोठे कळप मारात नसतात. ते तेव्हा दक्षिणेला, सीमेपलीकडे टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात. हे स्थलांतर म्हणजे तारखेला निघणारी यात्रा नाही, पाऊस आणि गवत यांच्या मागे वर्षभर फिरणारं चक्र आहे. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्डुटूच्या आखूड गवतात पिल्लं जन्मतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, खनिजांनी भरलेली, म्हणून दुभत्या माद्या तिथेच येतात. मग कळप वायव्येला सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीच्या बाजूला येतात आणि जुलैअखेर ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि मारामध्ये असतात. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि बरोबर लाखोंनी झेब्रे, हरणं. कुठल्या दिवशी कुठे, हे पाऊस ठरवतो.

म्हणूनच ‘नदी ओलांडताना दाखवूच’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. असं कोणीही ठरवून दाखवू शकत नाही. मी एका सप्टेंबरमध्ये मारा नदीच्या काठावर सकाळी साडेआठपासून दुपारी दोनपर्यंत बसले होते. पलीकडे कळप जमला, पुढचे विल्डबीस्ट पाण्यापर्यंत उतरले, एकाने पाणी हुंगलं, आणि काय झालं कोण जाणे, सगळेच्या सगळे उधळून मागे फिरले. असं तीनदा. आमच्या बाजूला गाड्या किती? मी चाळीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. काही ड्रायव्हरांनी तर जनावरं जिथून वर चढणार त्याच वाटेवर गाड्या घुसवल्या, पाहुण्यांना चांगला फोटो मिळावा म्हणून. त्यात बिचाऱ्यांचा एकट्याचा दोष नाही. मागे बसलेला माणूस ‘अजून पुढे घ्या’ म्हणतो आणि बक्षीस त्याच्याच हातात असतं. ऑगस्टमध्येच जायचं ठरलं, तर एवढं करा : ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा की आम्हाला लांबून चालेल. त्याला हायसं वाटतं, हे मी पाहिलं आहे.

कळप नसले म्हणजे मारा ओस पडतं असं नाही. सिंह, हत्ती, जिराफ, रानम्हशी, तरस, चित्ते हे तिथले कायमचे रहिवासी. ताडोबात आपण सांबराच्या, भेकराच्या इशाऱ्यावर कान देऊन बसतो. जंगल ऐकायचं असतं. मारा उघडं माळरान आहे. मसाई लोकांच्या मा भाषेत ‘मारा’चा अर्थच ठिपक्याठिपक्यांचा, दूरवर पसरलेल्या झुडपांवरून पडलेलं नाव. त्यामुळे सगळं दिसतं, आणि दिसतच राहतं. यजमानांना पाठमोरा वाघ दिसला ना, इथे त्यांना सिंहीण तोंड धुताना अर्धा तास दिसेल. कंटाळा येईपर्यंत दिसेल! हे मी सिंहाच्या बाबतीत सांगते आहे. बिबट्याची हमी मी इथेही देणार नाही.

आता तुमच्या त्या पाच जंगलांकडे येते. माझी पहिली केनियाची खेप अशीच होती. कंपनीचं नाव सांगत नाही, पण सात दिवसांत पाच ठिकाणं. अंबोसेलीहून नाकुरूला जायला पूर्ण दिवस गेला. रोज सकाळी सामान बांधा, रोज संध्याकाळी नव्या खोलीत दिवे कुठे आहेत ते शोधा. जिराफ बघितले की नाही हे आठवायला मला फोटो काढून बघावे लागतात, पण वाटेतल्या पेट्रोल पंपांची स्वच्छतागृहं मात्र क्रमाने सांगू शकते. नकाशावर ही ठिकाणं जवळ दिसतात. नैरोबी ते मारा सुमारे २७० किलोमीटर, तरी पाच-सहा तास लागतात. आणि फाटकाच्या आत गेल्यावर कच्चे रस्ते सुरू होतात, त्या हादऱ्यांना तिथले ड्रायव्हर हसत हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. मणक्यात गॅप असलेल्या माणसाला हा विनोद दुसऱ्या दिवशी कळत नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं : नैरोबीत एक रात्र, नैवाशाला दोन, मारामध्ये चार. बस्स.

नैवाशा मुख्यतः नातवासाठी. तळ्यात बोटीतून पाणघोडे आणि मासेमार गरुड दिसतात, आणि क्रेसेंट आयलंडवर शिकारी प्राणी नसल्यामुळे चक्क पायी, जिराफ-झेब्र्यांच्या मधून चालता येतं. सहा वर्षांच्या पोराला गाडीत कोंडून ठेवण्यापेक्षा हे हजार पटींनी बरं. तिथूनच अर्धा दिवस काढून नाकुरूला जाऊन या. तिथे गेंडे बऱ्यापैकी सहज दिसतात, मारामध्ये ते नशिबाचं काम. मात्र ‘नाकुरू म्हणजे गुलाबी तळं’ हा जाहिरातीतला जुना फोटो डोक्यातून काढून टाका. गेल्या दशकभरात तळ्याचं पाणी चढलं, त्याचा खारेपणा कमी झाला, फ्लेमिंगोंचं शेवाळ घटलं आणि त्यांचे मोठे थवे दुसऱ्या तळ्यांकडे गेले. फ्लेमिंगोच बघायचे असतील तर हिवाळ्यात भिगवणला जा, सांगलीहून एका दिवसाचं काम.

अंबोसेली सोडताना मला वाईट वाटतं. किलिमांजारोच्या पायथ्याशी दलदलीत पोटापर्यंत उतरलेले हत्ती, मागे ५,८९५ मीटरचा बर्फाचा माथा. तोही पहाटे आणि संध्याकाळीच ढगातून डोकावतो. पण अंबोसेली एका टोकाला, मारा दुसऱ्या. मधला प्रवास विमानाने करणार असाल तरच घ्या. नैरोबी नॅशनल पार्क शेवटच्या दिवशी चार तास मोकळे असतील तर जरूर. शहराच्या इमारती मागे ठेवून चरणारा जिराफ बघायला गंमत वाटते.

चार रात्री एकाच ठिकाणी कशाला, असं मुलगा विचारेल. कारण दुसऱ्या दिवसापासून जंगल ओळखीचं होतं. माझ्या दुसऱ्या खेपेला पहिल्या दिवशी एका वारुळावर चित्त्याची मादी आणि तिची दोन पिल्लं दिसली. दुसऱ्या दिवशी आमचा गाईड थेट तिकडेच गेला, कारण तिचं पोट रिकामं होतं हे त्याच्या लक्षात होतं. आम्ही इंजीन बंद करून दोन तास बसलो. ती काही पळाली नाही, शिकार केली नाही, फक्त एकेका वारुळावर चढून बघत राहिली. शेजारच्या गाड्या आल्या, फोटो काढून गेल्या. त्या दोन तासांत मी टोपी नावाचं हरीण, आपल्या नीलपंखाचा आफ्रिकी चुलतभाऊ आणि शेणाचा गोळा ढकलत निघालेला भुंगा, एवढं बघितलं. तुमच्या नातवाला सिंहापेक्षा तो भुंगा जास्त आवडेल, पैज लावते.

नैरोबीहून माराला जाताना निदान एकदा तरी छोट्या विमानाचा विचार करा. विल्सन विमानतळावरून तासाभराच्या आत पोचवतात. सामान माणशी १५ किलो, आणि बॅग मऊ कापडाची. कडक सुटकेस घेत नाहीत. ते परवडत नसेल तर रस्त्याने जा, पण मिनीबसऐवजी लँड क्रूझर मागा, सगळ्यांना खिडकी हवी हे सांगा, आणि यजमानांना मधल्या रांगेत बसवा. मागच्या चाकांवरची सीट त्यांना देऊ नका. पट्टा आणि उशी घरून न्या.

राहण्याचा कॅम्प निवडताना तो फाटकापासून किती लांब आहे एवढं विचारा. वीस किलोमीटर लांब असेल तर रोजचा तासभर वाया. बजेट थोडं ताणता येत असेल तर माराला लागून असलेल्या नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशा राखीव क्षेत्रांपैकी एखादं बघा. ही मसाई कुटुंबांची जमीन आहे, तिचं भाडं त्यांना मिळतं. गाड्या मोजक्या असतात, रात्रीची सफारी चालते, पायीही नेतात. मात्र लहान मुलांना काही कॅम्प पायी फिरायला नेत नाहीत, काही ठिकाणी तर मुक्कामालाही वयाची अट असते. आधी विचारा. तंबू म्हटल्यावर घाबरू नका. पलंग, गरम पाणी, संडास सगळं आत असतं, रात्री गादीत गरम पाण्याची पिशवी ठेवतात. कुंपण बहुधा नसतं. अंधार पडल्यावर जेवायला जाताना-येताना कंदील किंवा टॉर्च घेतलेला राखणदार सोबत येतो. त्याला अस्कारी म्हणतात. त्याच्याशिवाय दहा पावलंही टाकायची नाहीत, नातवाला हे घरीच पढवून ठेवा.

थंडी गांभीर्याने घ्या. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. जूनमध्ये पहाटे उघड्या गाडीत स्वेटर, कानटोपी, शाल लागतेच, आणि अकरा वाजता तीच शाल डोक्यावर उन्हासाठी. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्से-त्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते. आणि ताडोबात मिरवतात ते लष्करी छापाचे शर्ट घरीच ठेवा. आफ्रिकेतल्या अनेक देशांत साध्या नागरिकाने ते घालणं गुन्हा आहे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारा, नातवाची मात्रा वजनावर ठरते. दुर्बीण मात्र दोन तरी हव्यात. एकच असली की आजोबा-नातवात भांडण ठरलेलं.

कागदपत्रं सोपी आहेत. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला, त्याऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते, प्रत्येकाची वेगळी, नातवाचीही. सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. तशीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी बरीच आहेत.

राहिलं जेवण. इथे यजमानांची चिंता तुम्ही करूच नका. १८९६ पासून मोंबासाची रेल्वे बांधायला हजारो भारतीय मजूर केनियात गेले, मागोमाग गुजराती दुकानदार गेले, आणि जाताना शब्दही घेऊन गेले. स्वाहिलीत दुकान म्हणजे ‘दुका’, पैसे म्हणजे ‘पेसा’, मोटार म्हणजे ‘गारी’, आणि चपाती म्हणजे चपातीच. नातवाला वाटेत हा खेळ द्या. शिजवलेल्या घेवड्याला ‘महाराग्वे’ म्हणतात, ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी, आणि ‘उगाली’ म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती चालून जाते. कॅम्पला मात्र ‘अंडं नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्साही नाही’ असं लेखी कळवा, कारण नुसत्या ‘व्हेज’मध्ये सकाळच्या डब्यात अंडं येतं. चहा दुधात उकळलेलाच मिळतो, ‘चाय’ म्हटलं की झालं, आणि पहाटे साडेपाचला तंबूच्या दारात आणून देतात.

घरचा चिवडा-लाडू न्यायचाच असेल तर न्या. फक्त प्लास्टिकच्या पिशव्यांत नको! केनियात २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे, दंड जबर आहे, आणि जंगलांत तर २०२० पासून एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. सगळं डब्यात भरा, पाण्याला स्टीलच्या बाटल्या घ्या. आणि गाडीत डबा उघडायच्या आधी आजूबाजूला वानरं नाहीत ना, ते एकदा बघून घ्या. आमचे शेंगदाण्याचे लाडू नाकुरूच्या एका बबूनने खाल्ले, डबा मात्र परत टाकला.